कापसापासून सांडपाण्यापर्यंत: एका बेअरिंगची गोष्ट

खामगावला 1870 मध्ये रेल्वे आली ती कापसासाठी. जिनिंगमधल्या लांबलचक शाफ्टची डोकेदुखी मात्र जगभरची होती: पाया जरा खचला की शाफ्ट तिरका, बेअरिंग गरम! गोथेनबर्गच्या कापडगिरणीत हेच भोगणाऱ्या स्वेन विंगक्विस्टने 1907 मध्ये बाहेरच्या कडीची आतली बाजू गोलाकार केली. आता बेअरिंग शाफ्टबरोबर आपोआप झुकायला लागलं. 1919 मध्ये पामग्रेनने बॉलऐवजी रोलर घातले, जास्त भार पेलायला. सांडपाणी उचलणाऱ्या बऱ्याच स्क्रू पंपांत वरच्या टोकाला आज तेच असतं. खालचं टोक मात्र मैल्यात बुडालेलं. तिथे आधी सील जातं, मग पाणी शिरतं, ग्रीस खराब होतं. मीही आधी नुसता भारच मोजत बसलो होतो. पण लुंडबर्ग-पामग्रेनचं 1947 चं सूत्र भार आणि फेरे मोजतं, आत शिरलेलं पाणी नाही.