चेंडू कोणाच्या हाती? १९७१ मधील एक निर्णय आणि यंत्रातला मॅनेजर

मार्च १९७१. पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर वेस्ट इंडीजचा दुसरा डाव चालू होता. भारताकडे १३८ धावांची आघाडी होती. पण क्लाइव्ह लॉइड आणि गॅरी सोबर्स या दोघांपैकी एक जरी ठाण मांडून बसला असता, तरी ती पुरेल याची खात्री नव्हती. कर्णधार म्हणून पहिलीच मालिका खेळणाऱ्या मुंबईच्या अजित वाडेकर यांनी चेंडू सलीम दुराणी यांच्या हाती दिला. सोबर्स शून्यावर त्रिफळाचित झाले. लॉइड १५ धावांवर खुद्द वाडेकरांच्याच हाती झेल देऊन परतले. दुराणींची कामगिरी १७ षटके, ८ निर्धाव, २१ धावा, २ बळी. भारताने सामना ७ गडी राखून जिंकला. वेस्ट इंडीजवरचा हा भारताचा पहिलाच कसोटी विजय.

दुराणींनी तो चेंडू स्वतःहून मागून घेतला होता, अशी आठवण पुढे अनेकदा सांगितली गेली. त्या मागणीला होकार देणे किती अवघड होते, हे पाहण्याजोगे आहे. सोबर्स आणि लॉइड दोघेही डावखुरे. दुराणीही डावखुरे फिरकी गोलंदाज. क्रिकेटचे रूढ शहाणपण सांगते की डावखुऱ्या फलंदाजापुढे ऑफस्पिनर आणावा, कारण त्याचा चेंडू बाहेर वळतो. डावखुऱ्या फिरकीचा आत येतो. ऑफस्पिनर वेंकटराघवन संघात होतेच, आणि त्यांनी त्या डावात ५ बळी घेतलेही. केवळ वहीतला नियम पाहणाऱ्याने त्या घटकेला दुराणींना थांबवले असते.

असा वही पाहणारा कर्णधार त्याच वर्षी कॅलिफोर्नियात आकार घेत होता. पोमोना कॉलेजात शिकणारा डॉन डॅगलो पीडीपी-१० या संगणकावर बेसबॉलचा खेळ लिहीत होता.

कल्पनेतला सामना खेळण्याची हौस आपल्याकडेही जुनी. गोंदियाची शाळा असो वा दादरची, मागच्या बाकावर पुस्तकाची पाने उघडून क्रिकेट खेळले जाते: पृष्ठक्रमांकाचा शेवटचा अंक म्हणजे धावा, शून्य आले की बाद. मात्र या खेळात गोलंदाजच नसतो, त्यामुळे कर्णधाराला ठरवायलाही काही उरत नाही. हॅल रिचमन यांनी १९६१ मध्ये बाजारात आणलेल्या ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ या फाशांच्या बेसबॉलमध्ये प्रत्येक पिचरचा स्वतंत्र पत्ता असे, आणि पिचर थकतही असे. थकल्यावर त्याच्या पत्त्यावरचे काही ‘बाद’ निकाल फलंदाजाच्या पदरात पडत. मग खेळणाऱ्यापुढे खरा प्रश्न उभा राही: याला आणखी ठेवायचे की बदलायचे?

क्रिकेटमध्ये हा प्रश्न तितका निर्दय नाही. गोलंदाजाला बाजूला करून तासाभराने पुन्हा आणता येते. बेसबॉलमध्ये सामन्याबाहेर गेलेला पिचर त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. म्हणून ‘रिलीफ पिचर’, म्हणजे मदतीला धावून येणारा दुसरा पिचर, निवडताना उद्याचाही हिशेब करावा लागतो. चांगला माणूस आत्ता खर्च केला, तर शेवटी कोण?

हे यंत्राला शिकवायचे कसे? डॅगलो आणि एडी डॉम्ब्रॉवर यांनी १९८७ च्या ‘अर्ल वीव्हर बेसबॉल’साठी सरळ माणसालाच विचारले. अर्ल वीव्हर हे बाल्टिमोर ओरिओल्सचे मॅनेजर. कोणत्या फलंदाजाने कोणत्या पिचरविरुद्ध काय केले, याच्या नोंदी ते पत्त्यांवर ठेवत. (१९७१ मध्ये त्यांच्या चार पिचरांनी प्रत्येकी किमान २० सामने जिंकले होते, अशा मॅनेजरला दुसऱ्या पिचरची चिंता फारशी पडत नाही!) त्यांच्या निर्णयांमागची कारणे विचारून घेतली गेली आणि ती आज्ञावलीत उतरली.

अशा खेळांतला मॅनेजर साधारणपणे काही गोष्टी तोलतो: पिचर किती थकला, डाव कितवा, फरक किती, समोरचा फलंदाज डावखुरा की उजवा. बेसबॉलमध्ये डावखुऱ्या फलंदाजाला डावखुराच पिचर जड जातो. फिरकीच्या नियमाच्या अगदी उलट. म्हणजे पोर्ट ऑफ स्पेनमध्ये बेसबॉलच्या यंत्राने दुराणींनाच चेंडू दिला असता, फक्त भलत्याच कारणासाठी.

माणसाकडून शहाणपण घेताना त्याच्या सवयीही येतात. १९६९ पासून ‘सेव्ह’ हा अधिकृत आकडा मोजला जाऊ लागला: थोड्या फरकाची आघाडी अखेरपर्यंत राखणाऱ्या पिचरच्या नावावर तो जमा होतो. पुढे १९८८ पासून ओकलंडच्या टोनी ला रुसा यांनी डेनिस एकर्सली यांना बहुधा शेवटच्या डावासाठीच राखून ठेवले आणि तीच प्रथा रूढ झाली. ला रुसा यांच्या नावाचा संगणकीय खेळ १९९१ मध्ये आला, तोही डॅगलो यांच्याच कंपनीचा. सामना सातव्या डावात निसटत असताना सर्वोत्तम पिचर नवव्यासाठी बसवून ठेवण्यात काय अर्थ, हा आक्षेप आकडेतज्ज्ञ पुढे वारंवार घेत राहिले. तो यंत्राइतकाच हाडामांसाच्या मॅनेजरांनाही लागू होता.

२०२० मध्ये अमेरिकेतल्या मेजर लीगने नियम केला की नव्या पिचरने डाव संपेपर्यंत किंवा किमान तीन फलंदाजांना तोंड द्यावे. एका डावखुऱ्या फलंदाजापुरता एक डावखुरा पिचर आणायचा, ही जुनी युक्ती त्या दिवसापासून मैदानात मोडीत निघाली, आणि त्या नियमांनुसार चालणाऱ्या संगणकातल्या मॅनेजरांनाही ती सोडावी लागली.