गावची बँक आणि तिच्या मालकाचे कर्ज

काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या एका लहान बँकेवर व्यवहाराचे निर्बंध आले. आम्ही त्या वेळी बदलीच्या ठिकाणी, घरापासून दोन दिवसांच्या प्रवासावर होतो. मातोश्रींचा फोन आला. पैसे किती अडकले हे त्यांनी सांगितलेच नाही, विचारले ते एवढेच, "अरे, बँकेचं भांडवल संपलं म्हणतात. म्हणजे काय संपलं? पैसे तर आम्ही ठेवलेले होते." अर्थशास्त्र घेऊन पदवीधर झालेल्या आम्हांस त्या प्रश्नाचे धड उत्तर देता आले नाही. पुढे ते शोधू लागलो तेव्हा वाचन आपोआप अमेरिकेच्या इतिहासाकडे वळले. कारण गावोगावच्या स्वतंत्र बँका तेथे हजारांनी निघाल्या, हजारांनी बुडाल्या, आणि बँकेच्या मालकाने पदरचे किती घालावे हा वाद तेथे दीडशेहून अधिक वर्षे चालत आला.

प्रथम मातोश्रींच्या प्रश्नाचे उत्तर. बँकेने १०० रुपये कर्जाऊ दिले असतील, तर त्यांपैकी ९२ ठेवीदारांचे आणि ८ मालकांचे असतात असे समजू. कर्जदारांनी ५ बुडविले तर ते मालकांच्या ८ मधून जातात व ठेवीदारास त्याची वार्ताही लागत नाही. १० बुडविले तर मालकांचे ८ संपून ठेवीदाराच्या रकमेस हात लागतो. भांडवल म्हणजे हे ८ रुपये. ते तिजोरीत निराळे बांधून ठेवलेले नसतात. नुकसानीचा पहिला घाव कोणी सोसावयाचा, याविषयीचा तो करार होय.

अमेरिकेच्या १८६४ च्या राष्ट्रीय बँक कायद्याने हे भांडवल ठेवींच्या नव्हे, तर गावच्या लोकसंख्येच्या मापाने ठरविले. ६,००० पर्यंत वस्तीच्या गावी किमान ५०,००० डॉलर, ५०,००० हून मोठ्या शहरी २ लाख, मधल्या ठिकाणी १ लाख. निम्मी रक्कम भरल्याखेरीज दार उघडावयाचे नाही. हे माप आज विचित्र वाटते खरे. पण आपल्याकडच्या १९४९ च्या बँकिंग कायद्यातही, एकाहून अधिक राज्यांत पसरलेल्या बँकेस ५ लाख, आणि तिची कचेरी मुंबई वा कलकत्ता येथे असल्यास १० लाख, असे ठिकाणावरूनच ठरविले होते.

त्या जुन्या कायद्यात याहून जबर एक कलम होते. बँक बुडाल्यास भागधारकाचा भाग तर जाईच, शिवाय त्या भागाच्या दर्शनी किमतीइतकी आणखी रक्कम त्याने घरातून आणून भरावी लागे. शंभर डॉलरचा भाग घेणारा माणूस वस्तुतः दोनशे डॉलरांची जोखीम पत्करी. गावच्या बँकेचे भागधारक म्हणजे गावचाच वाणी, गिरणीवाला, शेतकरी, डॉक्टर. ताळेबंदात न दिसणारे भांडवल त्यांच्या घरांत होते, असे म्हणावयास हरकत नाही.

१९०० साली ३,००० पर्यंत वस्तीच्या गावांसाठी किमान रक्कम २५,००० डॉलरवर आली आणि खेड्यापाड्यांत बँकांचे पीक आले. पहिल्या महायुद्धानंतर शेतमालाचे भाव कोसळले. त्यात कित्येक गेल्या. १९३० ते १९३३ या काळात नऊ हजारांच्या आसपास बँकांनी दारे लावली. त्या पडझडीत, आधीच उद्ध्वस्त झालेल्या भागधारकांच्या घरी वसुलीचे कागद जाऊ लागले, तेव्हा दुहेरी जबाबदारीचे ते कलम लोकांस क्रूर वाटू लागले. १९३३ व १९३५ च्या कायद्यांनी राष्ट्रीय बँकांपुरते ते हटविण्यात आले. त्याच सुमारास, १ जानेवारी १९३४ पासून, ठेवीदारामागे २,५०० डॉलरपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण सुरू झाले. ठेवीदार निर्धास्त झाला. मालकाच्या मनातली धास्तीही गेली. या दोन्ही गोष्टी एकत्र घडल्या, हे पुढचा वृत्तांत वाचताना ध्यानात ठेवावे.

आता होल्डिंग कंपनीकडे वळू. गावच्या बँकेचा मालक वृद्ध झाला, मुले शहरांत नोकरीस लागली. भाग विकत घेणार कोण? गावातलाच एखादा होतकरू मनुष्य शहरच्या मोठ्या बँकेकडून कर्ज काढून ते घेई. कर्ज स्वतःच्या नावावर असेल तर बँकेकडून आलेल्या लाभांशावर कर भरून मग हप्ता द्यावयाचा. पण तेच कर्ज एका कंपनीच्या नावावर काढले, बँकेचे भाग त्या कंपनीच्या मालकीचे केले आणि दोघींचे करपत्रक एकत्र दिले, तर लाभांश करावाचून वर जातो आणि व्याज उत्पन्नातून वजा होते. कंपनीस ना कचेरी, ना कारकून. सारा कारभार कागदावर. १९५६ चा होल्डिंग कंपनी कायदा दोन किंवा अधिक बँका ताब्यात असणाऱ्यांपुरताच होता. १९७० च्या दुरुस्तीने एकाच बँकेची मालक असलेली कंपनीही फेडरल रिझर्व्ह मंडळाच्या देखरेखीखाली आली.

आणि येथेच खरी मेख आहे. बँकेच्या ताळेबंदात ८ रुपये भांडवल म्हणून दिसतात. पण ते ज्या कंपनीचे, तिने त्यांतले ६ उसने आणलेले असतील तर मालकाचे पदरचे २ च. हप्ता चुकवावयाचा नाही म्हणून कंपनी बँकेकडे लाभांशाचा तगादा लावणार, आणि वाईट वर्षी बँकेस हात देण्याची वेळ आली की हिचेच हात रिकामे. सरकारी कचेरीत एकच रक्कम दोन शीर्षांखाली दाखविली तर लेखापरीक्षकाचा शेरा ठरलेला. येथे तीच गोष्ट दोन वेगवेगळ्या वह्यांत होते आणि प्रत्येक वही आपापल्या जागी बिनचूक असते.

शिकागोजवळच्या लिंकनवुड गावच्या बँकेच्या मालकांनी अशी कंपनी काढण्याची परवानगी मागितली, तेव्हा मंडळाने नेमक्या याच कारणासाठी ती नाकारली. मालक तेच, बँक तीच, मग हरकत कसली, असा अर्जदारांचा युक्तिवाद होता. खालच्या न्यायालयास तो पटला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९७८ मध्ये मंडळाचा अधिकार मान्य केला. होल्डिंग कंपनी ही बँकेचा आधार असावी, भार नव्हे, हे तत्त्व त्या निकालाने बळकट झाले.

आश्चर्य असे की, ज्या मंडळाने हा खटला जिंकला त्यानेच १९८० मध्ये लहान बँकांपुरती निराळी वाट काढून दिली. कर्ज खरेदीच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत चालेल. ते २५ वर्षांत फिटले पाहिजे. १२ वर्षांत कर्ज कंपनीच्या स्वनिधीच्या ३० टक्क्यांवर उतरले पाहिजे. कर्ज स्वनिधीहून अधिक असेतोवर कंपनीने आपल्या भागधारकांस लाभांश देऊ नये. ही सवलत १५ कोटी डॉलरच्या आसपासच्या लहान बँकांसाठी होती. मंडळास धोका दिसत नव्हता असे नाही. परंतु कर्ज नाकारले तर गावातला गिऱ्हाईक उरत नाही आणि बँक शहरच्या मोठ्या संस्थेच्या पोटात जाते, हेही त्यास दिसत होते. आमच्या मते हा निर्णय शुद्ध हिशेबाचा नव्हता. गावची बँक गावाकडे राहावी म्हणून जाणूनबुजून सोसलेली ती उणीव होती. तशी ती सोसावी, असेच आम्हांस वाटते. मात्र तिला उणीवच म्हणावे.

१९८१ च्या डिसेंबरात भांडवलाचे आकडे प्रथमच टक्क्यांत जाहीर झाले. फेडरल रिझर्व्ह व राष्ट्रीय बँकांचे नियंत्रक यांनी १ अब्ज डॉलरखालच्या संस्थांस मत्तेच्या ६ टक्के आणि त्यावरच्या प्रादेशिक बँकांस ५ टक्के असे बंधन घातले. अगदी बड्या १७ बँकांस आरंभी आकडाच लावला नाही! लहानाने अधिक पदरचे घालावे, मोठ्याने कमी. पुढच्याच वर्षी, जुलै १९८२ मध्ये, ओक्लाहोमा शहरातील एका बाजारसंकुलातली पेन स्क्वेअर बँक बुडाली. विम्याच्या १ लाख डॉलर मर्यादेवरच्या ठेवीदारांच्या हाती पुढे मिळेल त्या वसुलीची प्रमाणपत्रे तेवढी पडली. तिच्याकडून सुमारे १ अब्ज डॉलरची कर्जे विकत घेणारी शिकागोची काँटिनेंटल इलिनॉय १९८४ मध्ये कोसळली, तेव्हा मात्र तिचे सर्व ठेवीदारच नव्हे, तर तिच्या होल्डिंग कंपनीचे रोखेधारकही वाचविले गेले. १९८५ मध्ये लहानमोठ्यांस एकच आकडा आला. १९८८ च्या बाझल करारानंतर कर्जाच्या जोखमीप्रमाणे भांडवल मोजण्याची पद्धत सुरू झाली. तिचे कोष्टक भरण्यासच गावच्या बँकेस जादा माणूस ठेवावा लागे, ही तक्रार मात्र वाढत गेली.

२००८ च्या अरिष्टानंतर २०१० च्या कायद्याने होल्डिंग कंपनीस निदान बँकेइतकेच कडक माप लावले, आणि "आधार" हे तत्त्व कायद्यात लिहिले. तथापि १९८० ची सवलत टिकली, इतकेच नव्हे तर फुगत गेली : २००६ मध्ये ५० कोटी डॉलर, २०१५ मध्ये १ अब्ज, २०१८ मध्ये ३ अब्ज. या मर्यादेखालच्या, जोखमीचे इतर उद्योग न करणाऱ्या कंपनीस एकत्रित भांडवलाचे माप लागू नव्हते. माप बँकेचे तेवढे. २०२० पासून १० अब्ज डॉलरखालच्या बँकांस आणखी एक सोपी वाट मिळाली : कोष्टके भरू नका, एकूण मत्तेच्या ९ टक्क्यांहून अधिक भांडवल ठेवा. महामारीत हा आकडा ८ वर आला, २०२१ मध्ये साडेआठ आणि २०२२ मध्ये पुन्हा ९ झाला.

एका गावापुरत्या बँकेची सोय ३ अब्ज डॉलरपर्यंत पोचली, यात गाव कितपत उरले असा प्रश्न पडतो. १९८४ मध्ये अमेरिकेत चौदा हजारांहून अधिक व्यापारी बँका होत्या. २०२३ अखेर बचत संस्था धरूनही विमाधारक संस्था पाच हजारांच्या खाली आल्या होत्या. सवलत नसती तर त्या याहून कमी उरल्या असत्या, असे तिचे समर्थक म्हणतात, आणि ते खोडून काढणे सोपे नाही.

गेल्या रजेत हे सारे मातोश्रींस सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "मग त्या कंपनीचं कर्ज फेडतं कोण?" बँकेच्या नफ्यातून फिटते, असे आम्ही म्हणालो. "म्हणजे कर्ज घेणाऱ्यांच्या व्याजातून आणि आम्हांला कमी दिलेल्या व्याजातून," असे म्हणून त्या उठून आत गेल्या.