बायआत्याचं पासबुक



गेल्या महिन्यात कारापूरला जाऊन आलो. घर आता बहुतेक बंदच असतं. जुनं कपाट आवरताना एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बायआत्याचं बँकेचं पासबुक सापडलं. कोपरे दुमडलेले, आत विठोबाचा छोटा फोटो. पासबुक घेऊन पडवीत बसलो आणि ठरवलं की हे लिहायचंच. गोष्ट आमच्या घरातली असली तरी तुमच्यापैकी बऱ्याच घरांत ती थोड्याफार फरकाने घडली असेल.

बायआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांतच विधवा झाली आणि माहेरी परत आली. त्यात एक पाय लहानपणापासून अधू. त्या काळी अशा बाईला घरात जागा असायची, पण ती कशी? स्वयंपाकघराला लागून एक खोली, दोन वेळचं जेवण, वर्षाला दोन लुगडी. त्या बदल्यात पहाटेपासून रात्रीपर्यंत काम. कुणी तिला वाईट वागवलं नाही. पण सत्तर वर्षांची होईपर्यंत तिच्या हातात स्वतःचा म्हणावा असा पैसा कधी आला नाही. चैत्रीच्या जत्रेला विठ्ठलापूरला निघालो की आजोबा, नंतर माझे वडील तिच्या हातावर काही नाणी ठेवायचे. ती दोन बोटांत धरून ती कनवटीला लावायची.

घराबाहेरचा आधार म्हणजे काय, तर ‘आझिल’. आमच्या लहानपणी हा शब्द धाक दाखवायला वापरत. मूळ पोर्तुगीज शब्द ‘आझिलो’, म्हणजे आश्रयस्थान. म्हापशाच्या जुन्या हॉस्पिटलला लोक अजून आझिलोच म्हणतात. यामागचा इतिहास मोठा आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला जुन्या गोव्यात पोर्तुगिजांनी ‘सांता काझा द मिझेरिकॉर्दिया’ ही धर्मादाय संस्था काढली. आजारी, निराधार, विधवा, अनाथ यांची सोय ती पाहायची. पुढे एकोणिसाव्या शतकात तिचा कारभार चिंबलला गेला. खर्चासाठी तिची लॉटरीसुद्धा निघायची! १९४० च्या दशकात सरकारी मदतीचं काम ‘प्रोव्हेदोरिया’ या खात्याकडे आलं. जुनी तिकिटं जमवणाऱ्यांकडे त्या काळची ‘सार्वजनिक साहाय्य’ असं पोर्तुगीजमध्ये छापलेली, आई आणि मुलाचं चित्र असलेली तिकिटं असतील. पत्रावर नेहमीच्या तिकिटाबरोबर हे जादा तिकीट लावायचं आणि तो पैसा गरिबांच्या मदतीला जायचा. मुक्तीनंतरही प्रोव्हेदोरिया चालू राहिली आणि तिचे वृद्धाश्रम आजही आहेत.

आपला डिचोली आणि पेडणे हा भाग मात्र १७८० च्या दशकात पोर्तुगिजांकडे गेलेला, ‘नव्या काबिजादी’तला. मिझेरिकॉर्दियेची मुळं जुन्या काबिजादीत. इकडे म्हातारं-कोतारं सांभाळायचं ते घराने आणि देवळाच्या आधाराने. म्हणून आझिल म्हणजे ज्याचं कुणी नाही त्याने जायची जागा, हे डोक्यात घट्ट बसलेलं.

दोन्हीकडची रीत पाहिली तर एक गोष्ट सारखी दिसते. घर काय किंवा आझिल काय, मिळायचं ते अन्न आणि छप्पर. पैसा जायचा तो घराला नाहीतर संस्थेला. माणसाच्या नावावर काहीच नाही.

हे बदललं ते आपल्या डोळ्यांदेखत. शेजारी महाराष्ट्रात १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. दोडामार्गाकडे दिलेल्या माझ्या चुलत मावशीच्या सासूला ती मिळायची, तेव्हा आमच्याकडे नवल वाटायचं. १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन सुरू झाली, त्यात केंद्राचा वाटा महिना ७५ रुपये. आणि मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना गोव्याची २००१ ची ‘दयानंद सामाजिक सुरक्षा योजना’ आली. नाव भाऊसाहेबांचं, म्हणजे पेडण्यात जन्मलेले आपले पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर. वृद्ध, एकट्या बायका आणि अपंग, तिघांनाही ती लागू. अट पंधरा वर्षांच्या गोव्यातल्या वास्तव्याची आणि उत्पन्नाची. लोक तिला नुसतं ‘दयानंद’ म्हणू लागले. ‘दयानंद आलं काय गे?’ हा तिस्कावरचा नेहमीचा प्रश्न.

बायआत्याचा अर्ज माझ्या वडिलांनी भरला. पहिले पैसे काढून आणले तेव्हा तिने नोटा दोनदा मोजल्या आणि म्हणाली, “हे म्हजे दुडू?” घरात सगळे हसले. मीही हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

त्या वर्षीच्या चैत्रीला तिने सगळ्या घराला खाजें आणलं. शेजारच्या दोन घरांनाही पाठवलं.

पुढे वडील गेले. भाऊ मडगावला, मी पुण्यात. २००९ मध्ये ती न्हाणीत पडली आणि तिला एकटी ठेवणं अशक्य झालं. एका चांगल्या वृद्धाश्रमात आम्ही तिची सोय केली. ‘आझिल’ हा शब्द कुणी उच्चारला नाही, पण निघताना ती मागे वळून घराकडे बघत राहिली, तेव्हा सगळ्यांच्या मनात तोच होता. महिन्याचे पैसे आम्ही भावंडं वाटून भरायचो. पासबुक भावाकडे राहिलं. तो दर महिन्याला तिचे पैसे काढून तिला नेऊन द्यायचा. २०१२ नंतर रक्कम महिना २००० रुपयांवर गेली. आश्रमाचा खर्च त्यात भागणारा नव्हता, पण तो त्यासाठी नव्हताच. शेजारच्या खाटेवरच्या बाईला बिस्किटं, देवाला उदबत्ती, आम्ही भेटायला गेलो की पोरांच्या हातात दहाची नोट.

मग चूक आमचीच झाली. ‘दयानंद’साठी दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. एक वर्ष मला वाटलं भाऊ देईल, भावाला वाटलं मी येणार आहे. दाखला गेलाच नाही आणि पैसे थांबले. आम्हाला ते कळायला सात-आठ महिने लागले, कारण आमचं काही अडत नव्हतं. आश्रमाचे पैसे वेळेवर जात होते. तिने तक्रार केली नाही. फक्त पोरांना नोटा देणं बंद झालं, आणि चैत्रीला “येत नाही, पाय दुखतो” म्हणाली.

मी विचारलं, “अगो, तुला इथे कमी काय आहे?”

म्हणाली, “उणें कांय ना रे. पूण मागचें पडटा.”

मागावं लागतं. बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी दाखल्याच्या मागे लागलो. पेन्शन पुन्हा सुरू झाली. २०१५ मध्ये ती गेली.

माझी भाची हल्ली इंग्लंडमध्ये वृद्धाश्रमात नोकरी करते. तिच्याकडून कळलं की तिथे आश्रमातल्या माणसासाठी सरकारकडून खर्च होत असला, तरी त्याच्या पेन्शनमधली ठरावीक रक्कम त्याच्या हातखर्चासाठी राखावीच लागते. मग मी थोडं वाचलं. ही रीत १९४८ च्या कायद्यापासूनची आहे. तेव्हा पेन्शन आठवड्याला २६ शिलिंग होती. त्यातले २१ आश्रमाला आणि ५ त्या म्हाताऱ्याच्या खिशात. या पाच शिलिंगांचा हिशेब कुणी विचारायचा नाही! जुन्या गरीबखान्यांचा अपमान सोसलेल्या समाजाने विचार करून राखलेली ती रक्कम होती.

आपल्याकडे आता वृद्धाश्रम वाढताहेत. बांदिवड्याचं ‘स्नेहमंदिर’ सगळ्यांना ठाऊक आहे. ते चालवणारी गोवा हिंदू असोसिएशन म्हणजे १९७० साली ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आणणारी संस्था. घर सुटलेल्या म्हाताऱ्याचं दुःख आपण त्या नाटकात पाहिलं, रडलो. आता आपल्याच घरातली माणसं आश्रमात असतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही असं मला अनुभवाने वाटतं. पण त्यांचं पासबुक कुणाकडे आहे? हयातीचा दाखला कोण देतं? आलेले पैसे त्यांच्या हातात पडतात का? तुमच्या घरातलं कुणी असं असेल तर आज एक फोन करून हे विचारा.

पासबुक मी पुण्याला घेऊन आलोय. शेवटच्या पानावर ११४० रुपये शिल्लक दिसतात. यंदाच्या चैत्रीला तेवढ्याचं खाजें घेऊन आश्रमात वाटायचा विचार आहे.

तुमच्या घरातल्या बायआत्यांच्या आठवणी खाली जरूर लिहा.