झोपलेल्या विषाणूला जागे करताना

१९९६ पासून अनेक औषधांच्या एकत्रित उपचाराने एचआयव्ही आटोक्यात येऊ लागला. पण १९९७ मध्ये कळले, की काही टी-पेशींत तो दडून झोपतो. औषधे थांबली की पुन्हा उठतो. मग अ‍ॅमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी ठरवले, चोराला उठवूनच पकडायचे! मूत्रपिंडरोपणात तेव्हा वापरले जाणारे ‘ओकेटी-३’ हे प्रतिपिंड टी-पेशींना चेतवते. इंटरल्यूकिन-२ सोबत ते तीन रुग्णांना दिले गेले. १९९९ मध्ये निष्कर्ष आले: पेशी जाग्या झाल्या, पण रुग्णांना फार त्रास झाला आणि रक्षक पेशीच दीर्घकाळ घटल्या. सगळे गाव उठवून चोर सापडत नसतो. म्हणूनच आता एका हाताने बाधित पेशी आणि दुसऱ्याने मारक टी-पेशी धरणारी प्रतिपिंडे तपासली जात आहेत. तोवर रोजची गोळी चुकवू नये, हेच खरे.