सूर्याबाईच्या हातातलं नख

१८६८ साली लंडनच्या जॉन मरे यांनी 'ओल्ड डेक्कन डेज' हे पुस्तक काढलं. संग्राहक म्हणून नाव मेरी फ्रेअरचं. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांची ही मुलगी. १८६५-६६च्या हिवाळ्यात ती वडिलांबरोबर दख्खनच्या दौऱ्यावर होती. सोबतच्या आयेने, अ‍ॅना लिबराता डिसूझाने, सांगितलेल्या गोष्टी तिने इंग्रजीत उतरवून घेतल्या. अ‍ॅनाचं घराणं मूळचं लिंगायत, आजोबा गोव्याजवळ येऊन ख्रिस्ती झाले. गोष्टी तिला आजीकडून मिळालेल्या.

त्यातली सूर्याबाई आज किती जणांना माहीत आहे? गवळणीची मुलगी. दोन गरुड तिला उचलून झाडावरच्या लोखंडी घरात वाढवतात. दाराच्या फटीत राक्षसाचं नख तुटून राहतं आणि तिच्या हातात रुततं. ती मेल्यासारखी पडते. पुढे राजा नख काढतो, लग्न होतं, थोरली राणी तिला तळ्यात ढकलते. मग सूर्यफूल, त्याच्या राखेतून आंब्याचं झाड, आणि शेवटी गवळणीच्या दुधाच्या भांड्यात पडलेला आंबा.

दिवसभर कोड लिहून झालं की रात्री टॅबलेटवर मी हीच गोष्ट काढतो, पिंगुळीच्या चित्रकथीच्या शैलीत. आता, कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलाकार पिढ्यान्‌पिढ्या रामायण-महाभारतातले प्रसंग दाखवत आले. त्यांच्या पोथ्यांत सूर्याबाई नाही. म्हणजे मी करतोय ती परंपरा नव्हे, उसनवारी आहे, आणि ती तशीच सांगितलेली बरी. पण या कथेला ही शैली शोभते. बाजूने दिसणारा चेहरा, मोठा टपोरा डोळा, मागे जवळजवळ काहीच नाही. मुलीचं फूल कसं झालं, हे इथे पटवावं लागत नाही. मी फुलात तोच डोळा ठेवला, आंब्यातही.

सॉफ्टवेअर मात्र फार मदत करतं, हीच अडचण. एक गरुड काढून उलटा चिकटवला की दुसरा तयार, आणि दोघेही रबरी शिक्क्यासारखे दिसतात. पुण्याच्या केळकर संग्रहालयातली जुनी चित्रं जवळून बघा, हाताने ओढलेली रेघ दोनदा सारखी येत नाही. म्हणून रेघ गुळगुळीत करणारं सेटिंग मी बंद केलं. दोन्ही गरुड वेगवेगळे काढले.

आवाजाचं काय, हा प्रश्न उरतो. चित्रकथीचं चित्र एकटं कधीच नव्हतं. सुटी पानं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, एक दाखवायचं, गायचं, मग उलटायचं. फोनवर गाणारं कुणी नाही, मजकूर लिहावाच लागतो. तो मेरीच्या इंग्रजीतून मराठीत आणताना अ‍ॅनाची बोली कुठून आणू? मी साधं घरगुती मराठी लिहितो, गोव्याकडचा हेल ओढूनताणून आणत नाही. पहिल्या पानावर 'सांगणारी : अ‍ॅना लिबराता डिसूझा' आहे, मेरी त्याखाली आणि माझं नाव सगळ्यात शेवटी.

सध्या दुधाच्या भांड्याचं चित्र चालू आहे. ती गवळण म्हणजे मुलीची आईच, पण तिला ते अजून माहीत नाही. तिचा डोळाही मी मुलीसारखाच काढलाय.