समीकरणाच्या एका बाजूला शून्य

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शाळेच्या बीजगणितात दोन प्रकरणे पाठोपाठ येतात. पहिले बहुपदींच्या गुणाकाराचे आणि दुसरे अवयव पाडण्याचे. गुणाकार मुलांना जमतो, कारण त्याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. अवयव आले की मात्र घरोघर एकच तक्रार ऐकू येते : 'हे तर अंदाजाने उत्तर काढणे झाले!' मला ही तक्रार अगदीच खोटी वाटत नाही. इतिहास पाहिला तर मुलांच्या बाजूने साक्ष मिळते. भास्कराचार्यांचा गुणाकार आणि अवयवांच्या वाटेने समीकरणाकडे पाहणारे पहिले छापील पुस्तक, यांच्यात सुमारे पावणेपाचशे वर्षांचे अंतर आहे.

आपल्या सह्याद्रीच्या परिसरातले भास्कराचार्य इ.स. १११४ मध्ये जन्मले. त्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथात अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हटले आहे. म्हणजे 'जितके असेल तितके'. लिहिताना फक्त 'या'. दुसरी अज्ञात राशी आली तर ती 'कालक', तिसरी 'नीलक'. रंगांचीच नावे! नुसत्या संख्येसाठी 'रू' म्हणजे रूप, आणि ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब.

त्यांचे एक उदाहरण पाहा. पाच यावत्तावत् वजा एक, याला तीन यावत्तावत् अधिक दोन याने गुणायचे. आचार्य सांगतात, गुणकाचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्याने वेगळे गुणा आणि मग बेरीज घ्या. उत्तर येते पंधरा वर्ग, अधिक सात यावत्तावत्, वजा दोन. आजच्या वर्गात फळ्यावर याहून वेगळे काही होत नाही. पुढे तोच गुणाकार उलटा फिरवून ते भागाकारही दाखवतात. एक अवयव हातात असेल तर दुसरा कसा काढायचा, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

मग वर्गसमीकरण ते कसे सोडवत? त्यांचे वानरांचे कोडे प्रसिद्ध आहे. टोळीच्या आठव्या भागाचा वर्ग केला तर जितके होतील तितके वानर वनात खेळत आहेत. उरलेले बारा टेकडीवर आहेत. तर एकूण वानर किती? आजच्या भाषेत मांडले तर क्ष वर्ग वजा ६४ क्ष बरोबर वजा ७६८. आचार्य दोन्ही पक्षांत अशी संख्या मिळवतात की डावीकडे पूर्ण वर्ग व्हावा. इथे ३२ चा वर्ग, म्हणजे १०२४ मिळवले की क्ष वजा ३२ चा वर्ग २५६ होतो. म्हणून क्ष वजा ३२ म्हणजे अधिक १६ किंवा वजा १६. वानर ४८ किंवा १६, आणि दोन्ही उत्तरे कोड्यात चपखल बसतात. या रीतीचे नाव 'मध्यमाहरण', म्हणजे मधले पद घालवणे.

या रीतीत अंदाजाला कोठेही जागा नाही. तसेच हेही लक्षात घ्या की समीकरणाचे दोन पक्ष शेवटपर्यंत समोरासमोर उभे आहेत. सगळी पदे एका बाजूला नेऊन दुसरीकडे शून्य ठेवायचे आणि डावीकडच्या राशीचे अवयव पाडायचे, हा मार्ग इथे नाही. त्याआधी नवव्या शतकात अल-ख्वारिज्मी या गणितज्ञाने समीकरणांचे सहा वेगळे प्रकार केले होते. त्यातही पदे दोन्हीकडे असत, कारण सहगुणक धनच हवेत असा त्याचा दंडक होता.

ही वाट टॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाने रुळवली. १५८५ मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यावरील रोआनोक बेटावर गेलेला आणि १६०९ मध्ये दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचे चित्र काढणारा हा माणूस. तो १६२१ मध्ये वारला आणि त्याचे बीजगणिताचे पुस्तक त्याच्या स्नेह्यांनी १६३१ मध्ये छापले. हॅरियटने प्रश्नच उलटा विचारला : समीकरण जन्माला कसे येते? दोन द्विपदींचा गुणाकार केला की वर्गसमीकरण तयार होते. म्हणजे उत्तरे त्या द्विपदींतच दडलेली असतात. १६३७ मध्ये देकार्तने हेच मांडताना क्ष वजा दोन आणि क्ष वजा तीन यांचा गुणाकार करून दाखवला आणि त्यातून क्ष वर्ग वजा पाच क्ष अधिक सहा बरोबर शून्य हे समीकरण मिळवले.

आता वानरांकडे परत येऊ. सगळे एका बाजूला घेतले तर क्ष वर्ग वजा ६४ क्ष अधिक ७६८ बरोबर शून्य. ज्यांची बेरीज ६४ आणि गुणाकार ७६८ अशा दोन संख्या कोणत्या? ४८ आणि १६. म्हणून क्ष वजा ४८ गुणिले क्ष वजा १६ बरोबर शून्य. दोन संख्यांचा गुणाकार १२ असेल तर त्या तीन-चार असतील, दोन-सहा असतील, काहीच सांगता येत नाही. पण गुणाकार शून्य असेल तर दोहोंपैकी एक शून्य असलीच पाहिजे. ही ताकद फक्त शून्याची. शून्याने गुणले की शून्यच येते, हा नियम ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये लिहून ठेवला होता. त्याचा समीकरण सोडवण्यासाठी असा उपयोग व्हायला हजार वर्षे गेली.

शिकवताना आपण नेमकी हीच गोष्ट गाळतो असे मला वाटते. बेरीज आणि गुणाकार जुळवणाऱ्या संख्या शोधायला सांगतो, पण उजवीकडे शून्य का हवे ते सांगत नाही. मग मुलांना तो अंदाजाचा खेळ वाटला तर नवल काय? शिवाय अवयव दर वेळी असे सहज सापडत नाहीत. ७६८ च्या जागी ७६९ आले की पूर्णांकांतले अवयव मिळत नाहीत. तिथे भास्कराचार्यांचे मध्यमाहरण मात्र बिनतक्रार चालते.

म्हणून दोन्ही रीती शिकवाव्यात, आणि त्या कशासाठी आहेत हेही सांगावे. मध्यमाहरण उत्तरापर्यंत हमखास पोचवते. समीकरणाला दोन उत्तरे का असतात, ते अवयव दाखवून देतात. पावणेपाचशे वर्षांची वाट मुलाने दोन आठवड्यांत चालावी अशी आपली अपेक्षा असते. तो मध्येच अडखळला, तर त्याला मठ्ठ म्हणण्याआधी एवढे आठवावे.