नेमबाजीचा चष्मा
नेमबाजीत डोळ्याला धोका उलटून येणारे छरे, तापलेल्या पुंगळ्या आणि फुटलेल्या तबकडीच्या ठिकऱ्या यांचा. म्हणून भिंग पॉलिकार्बोनेटचे हवे. साधी काच फुटली तर तीच डोळ्यात जाते. ‘झेड८७+’ ही अमेरिकी खूण भिंगावर व फ्रेमवरही पाहावी. तिच्या चाचणीत ६.३५ मिमी व्यासाची पोलादी गोळी सेकंदाला सुमारे ४५ मीटर वेगाने भिंगावर आदळवतात. नारिंगी तबकडी टिपणारे ढगाळ हवेत पिवळे, हिरव्या झाडीसमोर जांभळट भिंग पसंत करतात. रंग मात्र सवयीचाच भाग अधिक. रायफल-पिस्तुलवाल्यांची सरकत्या भिंगाची एकाक्ष चौकट नेम साधण्यासाठी असते. दिसते रुबाबदार, पण कडेने उघडीच. नेम न धरणाऱ्या डोळ्यापुढची पट्टी आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ३० मिमीहून रुंद चालत नाही.